दोनशेवीस वजा वय

जिममध्ये ट्रेडमिलच्या समोरच्या भिंतीवर एक तक्ता असतो. खाली वय, डाव्या कडेला ठोके, आणि मधून उजवीकडे उतरत जाणारे रंगीत पट्टे: पिवळा, हिरवा, नारिंगी आणि सगळ्यांच्या वर लाल. ट्रेडमिलच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या मुठीत धरल्या की स्क्रीनवर आकडा उमटतो आणि धावणारा तो आकडा तक्त्यात शोधू लागतो. वय ४५, ठोके १६८. म्हणजे लाल. शेजारच्या मशीनवरचा हमखास सांगतो, "कमी करा साहेब, मॅक्सला पोचलात." साहेब घाबरून बटण दाबतात.

या तक्त्याच्या मुळाशी एकच वजाबाकी आहे. २२० मधून वय वजा करा. उरेल ती हृदयाची कमाल गती. ४५ व्या वर्षी १७५. टीएमटी, म्हणजे हृदयाची ट्रेडमिल चाचणी, करायला गेलात तरी हीच वजाबाकी तुमच्याबरोबर पट्ट्यावर चालत असते. रिपोर्टात ‘टार्गेट हार्ट रेट’पुढे छापलेला आकडा बहुतेक वेळा या उत्तराचे ८५ टक्के असतो. मनगटावरचं स्मार्टवॉच सुरुवातीलाच जन्मसाल विचारून घेतं, त्यामागेही पुष्कळदा हेच गणित. ते इतकं ठाम आणि इतकं सुटसुटीत आहे, की कुणीतरी हजारो माणसं पळवून, मोजूनमापून ते काढलं असणार असं आपण धरूनच चालतो. तसं काही झालेलं नाही.

न्यू मेक्सिको विद्यापीठातले रॉबर्ट रॉबर्ग्ज आणि त्यांचे सहकारी रॉबर्टो लँडवेर यांनी या सूत्राचा जन्मदाखला शोधायचं ठरवलं. २००२ साली त्यांचा लेख आला. पाठ्यपुस्तकांत बऱ्याच ठिकाणी सूत्राचं पितृत्व फिनलंडच्या मार्टी कार्वोनेन यांना दिलेलं होतं. त्यांनाच विचारलं, तर ते म्हणाले, मी असं काही कधी प्रसिद्ध केलेलं नाही, स्वीडनच्या ओस्ट्रांडना विचारा. पेर-ओलोफ ओस्ट्रांड म्हणजे श्रमाच्या शरीरशास्त्रातलं मोठं नाव. तेही म्हणाले, हे सूत्र माझं नव्हे. आपल्या मोजमापांशी असं काहीतरी जुळतं, एवढंच भाषणांतून बोललो असेन. आपल्याकडे सरकारी कचेरीत अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जातो, तसा प्रकार. शेवटी माग निघाला तो १९७१ च्या एका लेखापर्यंत. लेखक सॅम्युएल फॉक्स, जॉन नॉटन आणि विल्यम हॅस्केल.

त्या लेखाच्या आधीची गोष्ट हॅस्केल यांनी स्वतःच पुढे २००१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितली. १९७० चा सुमार. फॉक्स अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत हृदयरोगाच्या कार्यक्रमाचे प्रमुख, हॅस्केल त्यांच्या हाताखालचे तरुण संशोधक. एका वैद्यकीय बैठकीसाठी हॅस्केल यांनी आधीच छापून आलेल्या दहाएक अभ्यासांतले आकडे गोळा केले होते: कोणत्या वयाच्या माणसांचे ठोके दमछाक होईपर्यंत पळवल्यावर कुठवर गेले. त्यातली बहुतेक माणसं पंचावन्नच्या आतली. काही सिगारेट ओढणारी, काहींना आधीच हृदयविकार. समाजाचा नमुना म्हणून ती कुणी निवडलेलीच नव्हती. बैठकीला जाताना विमानात हॅस्केल यांनी कागद काढला, ठिपक्यांमधून एक रेघ ओढली आणि फॉक्सना दाखवली. विसाव्या वर्षी २००, चाळिसाव्या वर्षी १८०, साठाव्या वर्षी १६०. फॉक्स म्हणाले, मग २२० वजा वय म्हणू या.

झालं. सूत्राचा जन्म विमानात, दोन खुर्च्यांच्या मध्ये.

यात त्या दोघांना हसायचं कारण नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता आणि तातडीचा होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅक आलेल्या माणसाला चार-सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवणं हाच उपचार होता. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना उचलून आरामखुर्चीत बसवलं, तेव्हा ते धाडस वाटलं होतं. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला आणि त्यांचे डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू चालायला, पुढे गोल्फ खेळायला लावलं. त्यानंतर वारं फिरलं. आता प्रश्न असा होता, की रुग्णाला चालवायचं तर किती? कुठे थांबवायचं? त्या कामाला ढोबळ, लक्षात राहणारा आणि सावध आकडा पुरेसा होता. हॅस्केल यांचं म्हणणंही हेच, की हा नियम जाडा-भरडा होता आणि निरोगी माणसाच्या व्यायामावर लगाम म्हणून तो काढलेला नव्हता.

रॉबर्ग्ज यांनी १९७१ च्या लेखातली आकृती पुन्हा तपासली. पस्तीस ठिपके. त्यांतून संख्याशास्त्राने रेघ काढलेलीच नव्हती. ती काढली तर २१५.४ वजा वयाच्या ०.९१४७ पट असं उत्तर येतं, आणि अंदाजातली चूक साधारण २१ ठोक्यांची. म्हणजे मूळ ठिपकेसुद्धा आपल्या नावावर चालणाऱ्या सूत्राची साक्ष देत नाहीत.

या घराण्यात त्याहून जुना आणि जास्त काटेकोर पूर्वजही आहे. हार्वर्डच्या व्यवसाय व्यवस्थापन शाळेच्या तळघरात १९२७ पासून वीस वर्षं ‘फटीग लॅबोरेटरी’ चालली. तिथे सिड रॉबिन्सन यांनी सहा वर्षांच्या पोरापासून नव्वदी ओलांडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत पुरुषांना ट्रेडमिलवर चढवलं आणि वयाबरोबर दम कसा उतरतो ते मोजलं. रॉबिन्सन स्वतः १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले. १९३८ साली आलेल्या त्यांच्या आकड्यांतून जी रेघ निघते ती साधारण २१२ वजा वयाच्या ०.७७ पट. पुढे जी सुधारित सूत्रं आली, ती फॉक्सपेक्षा या तळघराच्याच जास्त जवळ आहेत. पण ०.७७ ने तोंडी गुणणार कोण?

मुळात ठोका हा मोजण्याचा विषय झाला, त्यालाही फार काळ लोटलेला नाही. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेने नाडीची चाल सांगितली. वात वाढला की जळवेसारखी, सापासारखी; पित्त वाढलं की कावळ्यासारखी, बेडकासारखी; कफात हंसासारखी. वैद्य बोटांनी ढब ओळखायचा, संख्या नाही. युरोपातही ग्रीक वैद्य गॅलेनपासून तेच चाललं होतं. संख्येकडे ठोस पाऊल टाकलं ते पादुआच्या सांतोरियो याने, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याचं यंत्र म्हणजे दोरीला बांधलेला एक गोळा. रुग्णाची नाडी एका हाताने धरायची, गोळा झुलवायचा आणि त्याचा झोका नाडीशी जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची. दोरी आखूड, झोका जलद, म्हणजे नाडी जलद. वाचायचे ते ठोके नव्हेत, दोरीची लांबी. आज नाडी किती जलद आणि काल किती, हे तो दोरी मापून सांगू शकत होता. ‘मिनिटाला इतके’ हे माप आलं ते १७०७ मध्ये. इंग्लंडातल्या लिचफील्डच्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरने सॅम्युएल वॉटसन या घड्याळजीकडून खास नाडीसाठी, बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ बनवून घेतलं.

आता जरा वेगळ्या शाखेकडे जाऊ, कारण माझ्या मते घराण्यातली शहाणी माणसं तिथे आहेत. १९३० च्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्गला वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि हेर्बर्ट राइंडेल हा हृदयरोगतज्ज्ञ एकत्र आले. त्यांची पद्धत अशी: धावपटूला छोटं अंतर असं पळवायचं की ठोके १८० पर्यंत जावेत. मग थांबवायचं. ठोके १२० पर्यंत उतरले की पुन्हा पळवायचं. आणि दीड मिनिटात ते १२० वर आले नाहीत, तर धावणं फार जड झालं असं समजून वेग किंवा अंतर कमी करायचं. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने जुलै १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. तो विक्रम सोळा वर्षं टिकला. इथे १८० हा आकडा धोक्याची पाटी नाही. ते कामाचं ठिकाण आहे. इशारा ठोके चढण्यात शोधलेला नाही, उतरण्यात शोधलेला आहे.

ही नजर किती बरोबर होती ते साठ वर्षांनी कळलं. क्लीव्हलँड क्लिनिकने २,४२८ जणांची ट्रेडमिल चाचणी घेऊन १९९९ साली निष्कर्ष छापले. चाचणी थांबल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. जिममधल्या भिंतीवर याचा तक्ता मी तरी कुठे पाहिलेला नाही.

भिंतीवर गेली ती वजाबाकी, आणि तिला तिथे पोचवणारे तिघे. पहिले सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस. आजही भारतातल्या बहुतेक टीएमटी त्यांच्याच पद्धतीने होतात: ताशी २.७ किलोमीटर वेगाने, १० टक्के चढावर सुरुवात, दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. चाचणी कुठे पुरेशी म्हणायची यासाठी एक खूण हवी होती. २२० वजा वयाचे ८५ टक्के ही खूण सोयीची ठरली. डॉक्टर पट्टा थांबवतात ते छातीत दुखल्यावर, ईसीजीची रेघ बदलल्यावर, रक्तदाब खाली आल्यावर. पण पेशंटच्या डोक्यात राहतो तो ‘टार्गेट’चा आकडा.

दुसरे कार्वोनेन, ज्यांच्यावर न केलेल्या कामाचा आळ आला. त्यांचं खरं काम १९५७ चं, तेही अवघ्या सहा वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचं. त्यांनी दाखवलं, की नुसती कमाल गती बघून चालत नाही, विश्रांतीतले ठोकेही धरले पाहिजेत. कमाल १७० आणि विश्रांतीत ७० असतील तर मधे १०० ठोक्यांची जागा आहे. तिच्या ६० टक्के वर गेलं की १३० होतात, आणि दम वाढायला साधारण तेवढा जोर लागतो. पद्धत चांगली आहे. फक्त त्यात कमाल गती कुठून आणायची, तर लोकांनी आणली २२० वजा वयातून.

तिसरा बाजार, आणि तोही फिनलंडचाच. औलू विद्यापीठातल्या सेप्पो सायन्याकांगस यांनी १९७७ मध्ये पोलर ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीच्या पट्ट्यातून मनगटावरच्या घड्याळाला बिनतारी ठोके पाठवणारं यंत्र विकायला आणलं. बर्फावर घसरत पळणाऱ्या खेळाडूंची ती गरज होती. पुढे छातीचा पट्टा सुटला आणि मनगटाखाली हिरवा दिवा आला. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोक्यागणिक कातडीखालचं रक्त वाढतं-घटतं, तसा परतणारा प्रकाशही. युक्ती हुशार आहे, पण घड्याळ सैल असेल, हात थंड असेल किंवा पळताना हात जोरात हलत असेल, तर सेन्सर ठोक्यांऐवजी पावलंच मोजू लागतो. पावलं मिनिटाला १७० पडतात आणि घड्याळही १७० दाखवतं. माणसाला वाटतं, काळीज फुटतंय.

काळीज फुटत नाही. इथे सूत्राविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कमाल गती म्हणजे ओलांडली की अपघात होतो अशी वेगमर्यादा नव्हे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोक्याची सुरुवात करणारी एक गाठ असते, सायनस नोड. वयाबरोबर तिचा स्वतःचा वेग मंदावतो आणि ॲड्रिनलिनची हाकही तिला कमी ऐकू येते, म्हणून कमाल गती घसरते. ज्याच्यापुढे हृदय जाऊच शकत नाही, तिलाच कमाल म्हणायचं. तेव्हा ४५ वर्षांच्या धडधाकट बाईचा छातीच्या पट्ट्याने नीट मोजलेला आकडा १८४ आला, तर तिने मर्यादा मोडली असं होत नाही. वजाबाकी तिला लागू पडली नाही, एवढंच. आणि अशी लागू न पडणारी माणसं थोडीथोडकी नसतात. सूत्र कुठलंही घ्या, खऱ्या माणसांची कमाल गती त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा ठोके सहज पसरलेली असते; काही जण त्याच्याही पलीकडे.

सुधारणा झाल्या. २००१ मध्ये कोलोरॅडोच्या हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास आणि १८,७१२ माणसं एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र दिलं. चाळिशीत दोन्ही सूत्रं १८० वर भेटतात. सत्तरीत जुनं १५० सांगतं, नवं १५९. म्हणजे जुना आकडा म्हाताऱ्यांना विनाकारण हळू चालवत होता. २०१० मध्ये मार्था गुलाटी यांनी शिकागो परिसरातल्या ५,४३७ स्त्रियांच्या मोजमापांवरून २०६ वजा वयाच्या ०.८८ पट हे निराळं सूत्र मांडलं. तोवर स्त्रिया बहुतेक करून पुरुषांच्या ठिपक्यांवर तोलल्या जात होत्या. तरीही जिमच्या भिंतीवरून २२० हललेला नाही, आणि बहुधा हलणारही नाही. तोंडी करता येणारं चुकीचं गणित कागद-पेन लागणाऱ्या बऱ्या गणिताला नेहमीच पुरून उरतं.

मग जोरात पळताना माणसं मरतात ती कशाने? क्लिप सगळ्यांनीच पाहिल्यात: ट्रेडमिलवर तरणाताठा माणूस, आणि दुसऱ्या क्षणी जमिनीवर. १९८४ च्या जुलैत असाच धक्का अमेरिकेला बसला होता. जॉगिंगची लाट आणणाऱ्या, १९७७ च्या खपाऊ पुस्तकाचा लेखक जिम फिक्स वयाच्या ५२ व्या वर्षी व्हरमाँटमधल्या रस्त्यावर पळताना गेला. धावणं वाईट, असा ओरडा झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या तीन धमन्या अरुंद झालेल्या सापडल्या. वडिलांना पस्तिशीत झटका आला होता, त्रेचाळिशीत ते गेले. स्वतः फिक्स पस्तिशीपर्यंत भरपूर सिगारेट ओढणारा आणि लठ्ठ. कदाचित धावण्याने त्याला काही वर्षं जास्तच मिळाली असतील. पण धावतोय म्हणून तपासणीची गरज नाही, हे त्याचं समजणं मात्र नडलं.

१९९३ मध्ये मरे मिटलमन आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक आलेल्यांना अटॅकआधीच्या तासाभरात काय केलं ते विचारलं. जोराच्या श्रमानंतरच्या तासात धोका एकंदरीत सुमारे सहापट वाढलेला दिसला. पण खरी गोष्ट त्याच्या आत होती. आठवड्यात एकदाही जोराचे श्रम न करणाऱ्यांत तो १०७ पट होता आणि पाच किंवा जास्त वेळा करणाऱ्यांत अवघा २.४ पट. ठोके दोघांचेही चढतात. फरक सवयीचा आहे. वर्षभर खुर्चीत बसून एका रविवारी मित्राच्या पैजेवर गड चढणारा माणूस, हा त्या १०७ पटीतला.

याची जाण आपल्या जुन्या ग्रंथांना होती, तीही विनाआकड्याची. सुश्रुताने व्यायाम अर्ध्या बळानेच करावा असं सांगितलं आणि अर्धं बळ ओळखायची खूणही दिली: नाकाने घ्यायचा श्वास तोंडाने येऊ लागला, की झालं अर्धं. दीड-दोन हजार वर्षांनी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ६ ते २० अशी श्रमाची पट्टी केली आणि माणसालाच विचारलं, तुला किती जड वाटतंय? १३ म्हणालास, तर ठोके साधारण १३० असणार. आणि आजचे व्यायामतज्ज्ञ म्हणतात, पळताना बोलता येतंय का बघा. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद नव्या पोराच्या तोंडाकडे बघतो, त्याच्या मनगटाकडे नाही. इथे कुणी ‘आमच्याकडे सगळं होतंच’ म्हणून मिशीला पीळ देऊ नये. क्लीव्हलँडचे १२ ठोके आणि मिटलमनचे १०७ पट सुश्रुताला ठाऊक नव्हते. पण त्याची खूण माणसागणिक बदलते, आणि वजाबाकीला तेवढंच जमत नाही.

म्हणून तक्ता वाचायचाच असेल तर असा वाचा. धडधाकट आणि रोज व्यायामाची सवय असलेल्याने लाल पट्टा पाहून घाबरू नये. दम पुरतोय आणि थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतायत, हे पाहावं. बीटा ब्लॉकरची, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके औषधानेच दाबलेले असतात, तिथे २२० चा काही उपयोग नाही. आपला आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा ठोके एकदम उसळून अनियमित होणं, यातलं काहीही झालं तर घड्याळ ११० दाखवत असलं तरी थांबावं आणि ताबडतोब डॉक्टरांना गाठावं. घरात कुणाला कमी वयात झटका आलेला असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा सिगारेट असेल आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच पळायचं मनात आलं असेल, तर बूट विकत घेण्याआधी तपासणी करून घ्या, आणि पहिले दोन-तीन महिने नुसते चाला.